सत्तावीस नंबरचा निरोप

१

आमच्या वसतिगृहात संध्याकाळी पाच वाजता रांग लागते. जेवणाची नाही, रिसीव्हरची.

जिंतूरहून येलदरीकडे जाताना डाव्या हाताला जी लांब पत्र्याची इमारत दिसते, ते आमचं हंगामी वसतिगृह. आई-बाप ऊसतोडीला गेले की दिवाळीपासून पाडव्यापर्यंत त्यांची पोरं इथं राहतात. यंदा चौतीस आहेत. फोन एकच, पंकजाताईंचा. त्या इथल्या अधीक्षिका. तोडीवरच्या माणसाला फोन करायला सवड मिळते ती दुपारी, आणि तेव्हा पोरं शाळेत असतात. म्हणून संस्थेनं कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी, एक लहान यंत्र बसवलं. आई-बापांनी ठरलेल्या नंबरावर फोन लावायचा, आपल्या पोराचा आकडा दाबायचा आणि बोलायचं. बोललेलं यंत्रात साठतं. पाच वाजता पोर येतं, भिंतीवरचा जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावतं, आपला आकडा दाबतं आणि ऐकतं.

यंत्र मी सांभाळतो. माझं नाव बन्सीधर. लहानपणी मीही यांच्यातलाच होतो, पण तेव्हा असं वसतिगृह नव्हतं. दर वर्षी आई-बापाबरोबर फडावर जायचो आणि परत यायचो तेव्हा वर्ग पुढं गेलेला असायचा. नववीत शाळा सुटली. पुढं जिंतूरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हात बसला. माणसांशी बोलायला मला जड जातं. ताई म्हणतात, "याला पोरगी बघायला नेलं तर हा त्यांचा बंद पंखा दुरुस्त करून येईल, पोरीचं नाव न विचारता."

रिसीव्हर बसवताना बोलायच्या बाजूची तार मी कापून टाकली होती. ऐकायला ती लागत नाही. तरी पोरं बोलतात. आईनं विचारलं जेवलास का, की पोरगं म्हणतं जेवलो. निरोप संपला की म्हणतं, ठेवतो बरं का. पलीकडं काही जात नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही.

एकटी भक्ती बोलत नसे. तिसरीतली पोर, नंबर सत्तावीस. ऐकायची, दोन्ही हातांनी रिसीव्हर जागेवर ठेवायची आणि निघून जायची.

२

मला ज्याची लाज वाटते ते माघातल्या एका गुरुवारी झालं. पण त्याचं मूळ दिवाळीत आहे.

यंत्र बसवायला परभणीहून ओमप्रकाश सर आले होते. त्यांनी मला नीट समजावलं. यंत्राच्या आत एक कंटेनर आहे, म्हणजे एक बंद डबा, त्यात निरोपांचा सगळा कार्यक्रम चालतो. वीज गेली की डबा मोडतो, आली की नव्यानं उभा राहतो. म्हणून निरोप डब्यात ठेवायचे नाहीत, बाहेरच्या जागेत ठेवायचे. ते जोडून घे. मग म्हणाले, समजलं का? मी म्हणालो, समजलं सर.

मला समजलं नव्हतं. पण दुसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत शाळेतच गेली होती.

पहिल्याच दिवशी रोजच्या भारनियमनात दोनला वीज गेली, चारला आली आणि निरोप गेले. मी मोबाइलवर शोधलं आणि माझा मीच उपाय काढला. डबा आहे तसा गोठवून ठेवता येतो. मग मी रोज पावणेदोनला, लाइट जायच्या आधी, गोठवायला लागलो. दर वेळी आधीच्यावर एक नवा थर बसायचा. माघापर्यंत एक्क्याण्णव थर झाले. सरांना मी हे सांगितलं नाही.

त्या गुरुवारी चारला वीज आली आणि यंत्र सुरू होऊन लगेच बंद पडायला लागलं. जागा संपली होती. पाचची रांग यायला तासही नव्हता. मी निरोपांचा सगळा कप्पाच पुसून टाकला. वाटलं, जुने ऐकून झालेत. पुसूनही जागा तसूभर वाढली नाही. मग इतर काही काही काढलं, तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी असताना यंत्र चाललं. आणि मग ध्यानात आलं की त्या दुपारी आलेले, कुणीच न ऐकलेले निरोपही त्याच कप्प्यात होते.

रांगेला मी सांगितलं की आज कुणाचाच फोन आला नाही, रेंज नसेल. पोरं पांगली. भक्ती उभी राहिली.

"माझ्या आईचा बी न्हाई?"

तिची आई कोकिळा दर गुरुवारी फोन करायची. एकही गुरुवार चुकला नव्हता.

"न्हाई," मी म्हणालो.

शुक्रवारी संध्याकाळी कोकिळाबाईंनी ताईंच्याच मोबाइलवर फोन लावला. भक्ती पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली. काल ती बोलली न्हाई, आज मी बोलणार न्हाई, म्हणाली. ताईंनी हसत तिकडं सांगितलं की लेक रुसलीय, उद्या करा. शनिवारी सकाळी डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना कोकिळाबाईंचा पाय घसरला. रविवारी त्यांना गावी आणलं ते झाकूनच. दहावा करून बाप, राम, पुन्हा तोडीवर गेला. पोर पुन्हा आमच्याकडं आली.

मी कुणालाच काही सांगितलं नाही.

३

फाल्गुनात यंत्र पुन्हा अडलं. सरांनी परभणीत बसूनच त्याचा कर्नल बदलला होता. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा, बाकी सगळं त्याच्या जिवावर चालतं. नव्या कर्नलवर यंत्र सुरू व्हायचं, पण डबा उभा राहीना. पडद्यावर एकच ओळ यायची, ओव्हरले ओळखीचं नाही.

मी सरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं तसं कर्नलला विचारलं की तुला फाइली ठेवायच्या कोणत्या पद्धती येतात. यादी आली. ओव्हरले त्यात नव्हतं. तो तुकडा आणून जोडायची आज्ञा दिली, तर असा तुकडाच नाही म्हणाला. हा कर्नल बांधताना कुणीतरी तो वगळला होता.

ओव्हरले म्हणजे काय, ते सरांनी तेव्हा मला पुन्हा सांगितलं. ते काचांचं उदाहरण देत होते. मला माझ्या आईनं शिवलेली वाकळ आठवली. जुनी लुगडी एकावर एक घालून शिवलेली. वरून बघणाऱ्याला एकच कापड दिसतं. मधलं लुगडं फाटलं तर कुणी वाकळ उसवत नाही, वरून ठिगळ लावतात. ओव्हरलेही तसंच. खालचे थर कधीच बदलत नाहीत. डब्यात बसून तुम्ही एखादी फाइल पुसली तर ती जात नाही. तिच्यावर वरच्या थरात एक ठिगळ बसतं, आणि वरून बघणाऱ्याला ती दिसेनाशी होते.

"म्हणजे पुसलेलं खाली तसंच असतं?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांना उलटा प्रश्न विचारला.

"तसंच. म्हणून तर जागा वाढत नाही," सर म्हणाले. एवढे थर कशानं झाले हे त्यांनी विचारलं. माहीत नाही, म्हणालो. ते रागावले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. सोमवारी मी येतो, म्हणाले. जुना कर्नल बसवतो आणि सगळे थर दाबून एकच करतो. वरून जे दिसतं तेवढं राहील, ठिगळाखालचं कायमचं जाईल. तोवर तू एकेक थर हातानं उघड आणि कामाचे निरोप पेनड्राइव्हवर घे.

तो मंगळवार होता.

४

बुधवारी दुपारी पोरं शाळेत गेल्यावर मी कोठीचं दार लोटून बसलो. उन्हानं पत्रे तडतडत होते. स्वयंपाकघरात ताटं घासून झाली होती.

थर वरून उघडत गेलो. माघातल्या त्या गुरुवारी पुसलेलं ज्या थरात होतं, तिथं निरोपांच्या कप्प्यावर ठिगळ होतं. यादीत ते नुसतं नाव दिसतं, आकाराच्या जागी शून्य आणि शून्य. त्याच्या खालच्या थरात कप्पा जसाच्या तसा होता. त्या दुपारचे तीन निरोप. एक नऊ नंबरचा, एक एकतीसचा. तिसरा सत्तावीसचा.

एक्केचाळीस सेकंद.

निरोप आधी पोरानं ऐकायचा, असा इथला नियम आहे. मी तो मोडला. फाइल सुरू केली आणि रिसीव्हर कानाला लावला.

"भक्ते, आई बोलायले गं. जेवलीस का? तेल लावीत जा डोक्याला, ताईला म्हण लावून द्या. इथं लय ऊन हाय. पाडव्याला येऊ आमी." मग ती थांबली. मागं उसाचं वाळलेलं पाचट वाजत होतं. "बोल की गं," ती म्हणाली. पुन्हा थोडा वेळ पाचट. निरोप संपला.

नऊचा आणि एकतीसचा मी पेनड्राइव्हवर घेतला. सत्तावीसचा घेतला नाही. बाकीची दोघं तो गुरुवार विसरली असतील, पण हा कुठून आला ते भक्तीला सांगावं लागलं असतं. सोमवारी सर येणार होते, आणि तो आपोआप जाणार होता.

५

गुरुवारी मी पुन्हा गेलो. कशाला, ते मला सांगता येत नाही. फाइल छप्पन्न सेकंदांची होती.

मला वाटलं काल मी चुकीचं वाचलं. पण मी आकडे वहीत लिहितो, आणि वहीत एक्केचाळीस होतं. तो थर मी फक्त वाचण्यापुरता उघडला होता, त्यात कुणालाही काही लिहिता येत नाही. फाइलची तारीख माघातलीच होती. ऐकलं. सगळं तेच होतं. फक्त "बोल की गं" नंतरचं पाचट जास्त वेळ वाजत होतं. जणू ती आणखी थोडी थांबली होती.

यंत्रातलं मेमरी कार्ड खराब होत असेल, असं मी ठरवलं. खराब कार्ड वाटेल ते आकडे दाखवतं, हे मी दुकानात पाहिलेलं आहे.

शुक्रवारी एक मिनिट अठरा सेकंद. पाचटाच्या आवाजात आता दुसरा एक आवाज होता. बारीक, कोरडा, थांबून थांबून येणारा. मी रिसीव्हर कानापासून दूर धरला, तेव्हा तोच आवाज डोक्यावरून आला. पत्रे तडतडत होते.

म्हणजे रिसीव्हर खोलीतला आवाज उचलतोय, मी स्वतःला म्हणालो. स्क्रू काढून रिसीव्हर उघडला. बोलायच्या बाजूची तार कापलेली होती, टोकावर मीच गुंडाळलेली काळी पट्टी होती, आणि तिच्यावर धूळ बसली होती.

६

त्याच संध्याकाळी पाच वाजता मी कोठीत गेलो तर भक्ती रिसीव्हर कानाला लावून उभी होती. रांग तीन दिवसांपासून बंद होती. डबाच उभा नव्हता, आकडा दाबून काही लागणार नव्हतं. ती बंद रिसीव्हर कानाला लावते हे ताईंना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, राहू दे बन्सी, तेवढीच तिची समजूत.

पण भक्ती बोलत होती. जी कधी बोलत नसे ती.

"हां," ती म्हणाली. "लावते. ताई लावून देते." मग ऐकलं. "न्हाई रुसले."

मी दारात उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि रिसीव्हरवर हात धरला, मोठी माणसं फोनवर धरतात तसा.

"बन्सीदादा, तुमी त्या गुरुवारी मला काय म्हणला व्हता?"

"का गं?"

"आई इचारायली."

मला खोलीतली पोती दिसत होती, पोत्यांवर छापलेली अक्षरं दिसत होती. ती मी वाचत राहिलो.

"काई न्हाई," मी म्हणालो.

तिनं हात काढला आणि आत बोलली, "काई न्हाई म्हणायलेत."

मग ऐकत राहिली, बराच वेळ. शेवटी दोन्ही हातांनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्या बाजूनं निघून गेली.

रात्री जेवताना ताई म्हणाल्या, पोर आज पोटभर जेवली बघ, महिन्यानं. मी ताट तसंच उचलून ठेवलं.

७

शनिवारी मी फाइल उघडली. तीन मिनिटं चार सेकंद.

आधीचं सगळं होऊन गेलं. पाचट वाजलं, पत्रे तडतडले. मग पावलं आली, पुष्कळ, लहान आणि अनवाणी, एकमेकांना ढकलणारी. पाचची रांग. फार लांबून येत असल्यासारखी, विहिरीच्या काठावर बोलणारी माणसं तळातल्याला ऐकू यावीत तशी. एक पुरुषी आवाज काही म्हणाला, पावलं पांगली.

"माझ्या आईचा बी न्हाई?"

"न्हाई."

तो आवाज माझा होता. माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही म्हणतात. मला आला. त्या एका शब्दात माझी घाई होती, घाम होता, आणि एकदाची ही पोर इथून जावी असं जे मला वाटलं होतं तेही होतं.

तो निरोप दुपारी बाराला बोलला गेला होता. पावणेदोनला मी त्याच्यावर थर गोठवला होता. "न्हाई" मी म्हणालो तेव्हा पाच वाजले होते.

पाचट वाजत राहिलं. मग ती बोलली. या वेळी लेकीशी नाही. रिसीव्हर तोंडाच्या अगदी जवळ धरून, अनोळखी माणसाशी बोलावं तसं.

"कोण बोलायलंय?"

आणि ती थांबली. निरोप तिथं संपला नाही, तिथं फक्त फाइल संपली.

मी यंत्राची वीज बंद केली. बाहेर येऊन ओट्यावर बसलो. आता दोन दिवस राहिले होते. सोमवारी सर थर दाबतील. ते माझ्यावर रागावणार नाहीत, ताईंना काही कळणार नाही. पोरीच्या मनात एवढंच राहील की आईनं त्या गुरुवारी फोन केला नाही आणि आपण शुक्रवारी घेतला नाही. ती मोठी होईल आणि ते तिच्याबरोबर मोठं होईल. मी दोन दिवस गप्प बसलो की झालं. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

८

रविवारी शाळा नव्हती. पोरं आंघोळी करून अंगणात खेळत होती. मी ताईंना कोठीत बोलावलं, भक्तीला आणा म्हणालो. ताई म्हणाल्या, काय रे, तोंड असं का झालंय? मी म्हणालो, तिच्या आईचा एक जुना निरोप सापडलाय. एवढंच म्हणालो. जुना. सापडलाय. मनाशी ठरवून आलो होतो की सगळं सांगायचं, आणि तोंडातून हे निघालं.

फाइलची लांबी मी या वेळी पाहिली नाही. सुरू केली आणि रिसीव्हर भक्तीच्या हातात दिला.

ती ऐकत होती. ताईंनी पदर तोंडाला लावला. मी मनात सेकंद मोजत होतो. एक्केचाळीस झाले. भक्तीनं रिसीव्हर ठेवला नाही. तीन मिनिटं झाली, चार झाली. ताई हळूच म्हणाल्या, केवढा लांब निरोप आहे रे.

मी पडद्याकडं पाहिलं. निरोप वाजवणारा कार्यक्रम थांबून किती तरी वेळ झाला होता.

"हां," भक्ती म्हणाली. मग, "हाय की. हितंच उभा हाय."

तिनं रिसीव्हर माझ्यापुढं धरला. तिचा हात लांब करूनही माझ्या छातीपर्यंतच आला.

"घ्या दादा. तुमालाच द्या म्हणायली."

ताई आमच्या दोघांकडं पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं न समजणं होतं. भक्तीच्या चेहऱ्यावर तेही नव्हतं. तिला फक्त मी काय करतो ते बघायचं होतं. कापलेली तार मला आठवली. इथून पलीकडं काही जात नाही, हे या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं.

मी रिसीव्हर घेतला. तो तिच्या हातानं ओला झाला होता. आत पाचट वाजत होतं, अगदी जवळ. वाऱ्यानं वाजावं तसं नव्हे. त्यात कुणीतरी उभं असावं आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत असावं, तसं.

"कोण बोलायलंय?"

"मी बन्सी," मी म्हणालो. मग पूर्ण नाव सांगितलं. "मी बन्सीधर. वसतिगृहाच्या मशीनवर असतो. तुमचा फोन आला व्हता. गुरुवारी. मीच पुसला. पोरीला न्हाई आला म्हणून मीच सांगितलं. ती रुसली ते माझ्यामुळं. तिचं काई चुकलं न्हाई."

ताईंनी माझा दंड धरला होता की सोडला होता, मला कळलं नाही. भक्ती तशीच वर पाहत होती.

पलीकडं पाचट वाजायचं थांबलं. आणि बोलायच्या आधी माणूस घेतो तसा एक श्वास, लांब, तिनं आत घेतला.